कर्ण्यापासून मधल्या स्पीकरपर्यंत

आमच्या घरी एखादे यंत्र यायचे म्हणजे आधी महिनाभर वादविवाद, मग दोन आठवडे अबोला आणि शेवटी ते यंत्र, असा क्रम ठरलेला आहे. गेल्या दिवाळीला हा मान होम थिएटरचा होता. मागणी मुलीची, पाठिंबा सौभाग्यवतींचा आणि खिसा माझा! शाळामास्तराचा खिसा तो केवढा? सणाची उचल आणि एका कादंबरीचे थोडे मानधन, एवढ्यात सारे बसवायचे होते.

आम्ही नगरला एका दुकानात गेलो. (२०२४ पासून आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण एस. टी.त बसताना तोंडातून अजून 'एक नगर' असेच निघते.) दुकानदाराने आम्हांला एका काळोख्या खोलीत बसवले आणि कसलासा लढाईचा चित्रपट लावला. मागून विमान आले, डोक्यावरून गेले, पुढे बाँब पडला आणि खुर्चीसकट आम्ही हादरलो. मुलगी खूश झाली. माझी आई मात्र पदराने कपाळ टिपत एवढेच म्हणाली, "आवाज मोठा आहे रे, पण ती माणसं काय बोलली?"

आईचे वय पंचाहत्तर. गेली दोन वर्षे ती आमच्याबरोबर टीव्हीपुढे बसत नाही. "तुम्ही बघा, मला जप करायचाय," म्हणून आत जाते. जपाचे निमित्त आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नव्हते. दुकानातल्या त्या एका वाक्याने ते उघड झाले. मी त्या दिवशी काही न घेता परत आलो आणि, इतिहासाचा मास्तर असल्यामुळे, उत्तर शोधायला मागे गेलो. वाचकहो, आपणही माझ्याबरोबर थोडे मागे चला.

१९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. तेथे त्याने मुद्रित केलेल्या गायिकांत गौहरजान होती. १९०८ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. या तबकड्यांचा मुख्य जिन्नस लाख. म्हणजे आपल्याकडच्या रानातल्या किड्याने दिलेला. कळसूत्राने फिरणारी, मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी ती काळी थाळी. तिच्या एका बाजूस गाणे बसे तीन-साडेतीन मिनिटांचे. तासभर राग आळवणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत समेवर यावे लागे. गायक कर्ण्याच्या तोंडात जवळजवळ डोके घालून गात असे आणि त्या कर्ण्यातून जेमतेम मधल्या पट्टीचाच आवाज मेणावर उतरे. खालचा खर्ज नाही आणि वरची झिलईही नाही. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनने मुद्रण होऊ लागले तेव्हा पट्टा रुंदावला, तरी तो सेकंदाला पाच-सहा हजार कंपनांच्या आसपासच थांबे. माणसाचा तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवढा भाग सुटला ते कळेल.

आणि तरीसुद्धा काय झाले पाहा! १९३३ साली गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकतो आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघतो. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. त्या तबकडीत खर्ज नव्हता, झिलई नव्हती, मागून येणारे विमान तर नव्हतेच. जे हवे ते मात्र होते. मी वहीत पहिली नोंद केली: यंत्राने काय सोडले यापेक्षा काय पोचवले ते आधी पाहावे.

तबकडीनंतर रेडिओ आला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत. एकच स्पीकर, तोही लाकडी पेटीतला. पण शब्दन् शब्द कळे.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट आमच्या जिल्ह्याची आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आमचा अहमदनगर अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात एक श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, मंडळाने एकत्र बसून तो ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि उरलेल्या शंका केंद्राला कळवायच्या. केंद्र त्यांची उत्तरे पुढे हवेतून देणार. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि पुढे त्यावर युनेस्कोने पुस्तकही काढले.

आमचे आजोबा अशा एका मंडळात होते. गावात वीज नव्हती. चावडीत बॅटरीवरचा रेडिओ. आजोबा सांगत, पहिल्या दिवशी पाटलांनी सेट आपल्या पुढ्यात ठेवला. पाठीमागच्यांना ऐकू येईना. तेव्हा एक म्हातारा उठला, सेट उचलून मधोमध ठेवला आणि म्हणाला, "देव गाभाऱ्यात मधी बसतो, कडंला न्हाई." त्या दिवसापासून सेट मध्येच राहिला. लहानपणी या गोष्टीला मी नुसता हसत असे. तिचा उपयोग पुढे होणार होता.

आता दुकानातल्या त्या विमानाचा इतिहास. १९३१ साली लंडनच्या ई. एम. आय. कंपनीतला ॲलन ब्लमलाइन हा तरुण इंजिनिअर बोलपट पाहायला गेला. नट पडद्याच्या एका टोकाला उभा आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून येतो, हे त्याला खटकले, असे सांगतात. त्याच वर्षाअखेर त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टिरिओचा जन्म असा. १९४० साली डिस्नेने 'फँटेशिया' काढला, तेव्हा काही निवडक थिएटरांत प्रेक्षकांच्या भोवती स्पीकर मांडून संगीत फिरवले. आपल्याकडे १९७५ च्या 'शोले'ने सत्तर मिलिमीटरच्या पडद्याबरोबर स्टिरिओ आवाज दिला आणि जयच्या नाण्याचा खणखणाट लोकांनी थिएटरात वळून पाहिला. पुढे १९९२ मध्ये डॉल्बीचा अंकीय आवाज आला आणि 'पाच पूर्णांक एक' हा मंत्र रूढ झाला. पुढे डावा, मधला, उजवा; मागे किंवा बाजूला दोन; आणि 'एक दशांश' तो नुसत्या घुमणाऱ्या खर्जाचा डबा.

यातल्या मधल्या स्पीकरकडे नीट लक्ष द्या. चित्रपटातले बोलणे बहुतेक सारे त्याच्यातून येते. टीव्हीचे दोन छोटे स्पीकर जेव्हा सहा वाहिन्या दोनांत कोंबतात तेव्हा संगीत, पाऊस, मोटारी आणि बोलणे यांची खिचडी होते. वय झाले की कानाला आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजने वरच्या पट्टीत. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. आपण आवाज वाढवतो, खर्ज आणखी घुमतो आणि उरलेली व्यंजनेही बुडतात. आई जपाला का उठते याचे शास्त्र इतके साधे होते आणि मला ते दोन वर्षे सुचले नव्हते.

राहिले 'हाय रेझोल्यूशन'. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. तिच्यात पेन्सिल घालून फीत गुंडाळण्यात आमचे बालपण गेले. १९८२ मध्ये सीडी आली. ती आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, प्रत्येक १६ बिटांचा. म्हणजे दोन वाहिन्यांना मिळून सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. १९९६ ची डीव्हीडी डॉल्बीच्या सहा वाहिन्या फार तर ४४८ किलोबिटांत भरते. अर्थात दाबून, काही गाळून. २००६ च्या ब्लू-रेने जागा वाढवली, तेव्हा काही न गाळता दाबण्याच्या पद्धती आल्या: डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. त्यांत २४ बिटांचे, सेकंदाला ४८ किंवा ९६ हजार नमुन्यांचे सहा-आठ पदरी ध्वनिमुद्रण मुळाबरहुकूम राहते. केवळ संगीतासाठी 'फ्लॅक' नावाची अशीच न गाळणारी पद्धत २००१ पासून फुकट उपलब्ध आहे.

दुकानदार हे सांगेल. तो सांगणार नाही ते असे. मूळ मुद्रणात जे नाही ते कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. खाँसाहेबांची तबकडी ९६ हजार नमुन्यांत भरली तरी झिलई यायची नाही. पाण्याचा तांब्या रांजणात ओतला म्हणून पाणी वाढत नाही. दुसरे, पेटी नुसती वाजवते म्हणून भागत नाही. ती सहाही वाहिन्या जशाच्या तशा रिसीव्हरकडे सोडते, की आतल्या आत दोन करून टाकते, हे विचारावे. पुष्कळ स्वस्त पेट्यांवर नावे सगळी छापलेली असतात, काम मात्र दोन वाहिन्यांचे. तिसरे, तार. प्रकाशाची ती बारीक तार दाबलेल्या सहा वाहिन्या नेते, पण ट्रूएचडी तिच्यात मावत नाही. त्याला एचडीएमआय पाहिजे, आणि तीही पेटीतून थेट रिसीव्हरला. आधी टीव्हीत आणि मग टीव्हीतून रिसीव्हरला असा फेरा घातला, की जुन्या टीव्हीच्या वाटेत माल गळतो. चौथे, पैशाची वाटणी. पेटी अंक वाचते; बोलतो तो स्पीकर. म्हणून पेटीत काटकसर करावी, मधल्या स्पीकरात करू नये. आणि अखेरचे: आपली तबकडी, आपली फाईल दुकानातच लावून ऐकावी. दुकानदाराचे विमान ऐकू नये.

या हिशेबाने मी पुन्हा नगरला गेलो. खिशात पेनड्राइव्ह होता. त्यात 'संत ज्ञानेश्वर'. दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, १९४० सालचा; म्हणजे 'फँटेशिया'च्याच वर्षीचा. ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक जन्माने नगरचे. आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्या नेवाशाला. तिथे तो पैसाचा खांब आहे. ज्ञानेश्वर त्याला टेकून सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा ऐकून लिहून घेत होते, अशी श्रद्धा आहे. ऐकणाऱ्याच्या कानी शब्द नीट पडला म्हणून नऊ हजार ओव्या आपल्या हाती आल्या!

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हे एका वाहिनीचं जुनं पिक्चर. याला कशाला सराउंड?"

मी म्हटले, "लावा तर खरे."

त्याने लावले. आवाज डाव्या-उजव्या दोहोंतून पसरट येऊ लागला. मी रिसीव्हरवरची प्रोलॉजिकची कळ दाबायला सांगितली. दोन्ही वाहिन्यांत जे सारखे असेल ते उचलून मधल्या स्पीकरला द्यायचे, हे तिचे काम. एकपदरी चित्रपटात तर सारेच सारखे. आवाज दोन्ही बाजूंनी हलला आणि पडद्याखाली मधोमध येऊन बसला. मग मधल्याची पातळी थोडी चढवली, खर्जाच्या डब्याची उतरवली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले आणि किंमत थोडी कमी केली.

पेटी साधीच घेतली. रिसीव्हर कोणाचा तरी वापरलेला मिळाला. मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षावर टाकले. मुलगी हिरमुसली, कारण विमान डोक्यावरून जाणार नव्हते. तिला मी चावडीतल्या रेडिओची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आपणही मधलाच आधी घेतला!"

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळ झाल्यावर चित्रपट लावला. आई सवयीने उठून आत चालली होती. दारापाशी थांबली. परत आली आणि खाली सतरंजीवर बसली. पाचएक मिनिटांनी मुलगी काहीतरी बोलू लागली, तेव्हा आई तिला म्हणाली, "गप गं, ऐकू दे."

सौभाग्यवतींनी जपाची माळ आणून तिच्याजवळ ठेवली. चित्रपट संपेपर्यंत ती तशीच पडून होती.