जागच्या जागी फिरणारे चाक

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात भर दुपारी रस्त्यावर सायकलचा सराव करणे म्हणजे प्रकृतीशी खेळ. अशा वेळी सायकल घरातच एका स्टँडवर बसवतात. या स्टँडला ट्रेनर म्हणतात. मागचे चाक एका रुळावर टेकलेले असते. पॅडल मारले की तेवढेच फिरते, पुढचे चाक स्थिर राहते. आणि हँडलवरचा बिनतारी मीटर शून्य दाखवतो! मीटर बिघडलेला नसतो. तो अंतर मोजतच नाही. तो चाकाचे फेरे मोजतो, आणि बहुधा पुढच्या चाकाचे.

फेरे मोजून अंतर काढण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रूव्हियस या रोमन स्थापत्यकाराने अशा गाडीचे वर्णन केले आहे. चाकाचा परीघ साडेबारा फूट. 400 फेरे झाले की 5000 फूट, म्हणजे एक रोमन मैल, आणि एक खडा डब्यात पडे. सायकलसाठी असे छोटे यंत्र अमेरिकेत कर्टिस व्हीडर याने 1895 च्या सुमारास बाजारात आणले. आज दात्यांऐवजी आऱ्यावर लोहचुंबक असतो, एवढाच फरक.

गुणाकाराला परीघ लागतो, आणि इथे बीडकरांना एक ओळखीचे नाव भेटते. भास्कराचार्यांचे (जन्म शके 1036, इ.स. 1114) गाव विज्जडविड. ते म्हणजेच बीड, असे काही अभ्यासक मानतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे दुसरे मत बळकट आहे, आणि विजापूरचाही दावा आहे. वाद मिटलेला नाही. नामसाम्यावर फार विसंबू नये असे आम्हाला वाटते. लीलावतीत (1150) मात्र परिघाचे दोन नियम स्पष्ट आहेत: व्यवहारासाठी व्यासाची 22/7 पट, सूक्ष्म कामासाठी 3927/1250 पट.

चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर धरू. पहिल्या नियमाने परीघ 220 सेंटिमीटर, दुसऱ्याने 219.912. शंभर किलोमीटरांत फरक पडतो सुमारे 40 मीटरांचा. आता वर्गात हे करून पाहावे. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, मुलाला सायकलवर बसवा आणि सरळ रेषेत चाकाचा एक फेरा पूर्ण होऊ द्या. भाराने टायर दबतो. समजा, अंतर 218 सेंटिमीटर भरले, तर शंभर किलोमीटरांत सुमारे 900 मीटरांची चूक होते. म्हणजे सूक्ष्म नियमापेक्षा टायरमधली हवा महत्त्वाची! मीटरमध्ये भरायचा आकडा हा असा मोजलेला असावा.

ट्रेनरवर मीटर चालू करायचा तर चुंबक मागच्या चाकाच्या आऱ्यावर आणि संवेदक मागच्या धुऱ्याकडे जाणाऱ्या आडव्या नळीवर, साखळीच्या विरुद्ध बाजूस बांधावा. दोहोंत साधारण पाच मिलिमीटर फट ठेवावी. चुंबक समोरून गेला की काचेच्या नळीतल्या दोन लवचीक पात्या चिकटतात आणि संकेत सुटतो. (हा रीड स्विच 1936 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत एलवुड यांनी शोधला.) पण जुन्या बिनतारी मीटरचा संकेत जेमतेम पाऊण मीटर पोचतो, फोर्कपासून हँडलपर्यंतच्या अंतरासाठीच तो केलेला असतो. मग मीटर सीटखालच्या दांड्यावर आणावा, किंवा काही मीटर पोचणारा नवा डिजिटल संवेदक घ्यावा. काही ट्रेनरवर मागचे चाकच काढून ठेवतात. तिथे ही सारी खटपट व्यर्थ.

मीटर चालू झाला, 30 किलोमीटर दिसले. कोठले 30 किलोमीटर? रस्त्यावर या वेगाला बरेचसे बळ हवा कापण्यात जाते. इथे हवा कापायचीच नाही, आणि रुळाचा अवरोध प्रत्येक ट्रेनरवर निराळा. त्यामुळे दोन ट्रेनरवरच्या खेळाडूंची या आकड्यांवरून तुलना करणे हा अन्यायच.

जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाचा विचार भास्कराचार्यांनीही केला होता. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरला की चाक आपोआप फिरत राहील, असे यंत्र त्यांनी वर्णिले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. त्यानुसार ते फिरत राहणार नाही. ट्रेनरचे चाकही पाय थांबताच थोड्या वेळात थांबते. पायांची ऊर्जा कोठे गेली, हे विद्यार्थ्यांना दाखवणे सोपे आहे. अर्धा तास पॅडल मारून चाक पूर्ण थांबले की हात टायरजवळ न्यावा. ऊब लागते. रुळाला मात्र हात लावू देऊ नये, तो चांगलाच तापलेला असतो.