निवृत्तीनंतरचे गाव : दापोली कॅम्प आणि पेन्शनर सैनिकांची वस्ती (१८१८–१९०४)

प्रस्तावना

नोकरीचा काळ संपल्यावर कोठे राहावे, हा प्रश्न आज वैयक्तिक सोयीचा मानला जातो. हवापाणी, दवाखाना, बाजार, बँक आणि जवळ असलेले नातलग यांचा विचार करून निवृत्त माणूस एखादे लहान शहर निवडतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या निवडीमागे त्या काळची समाजरचना दिसते. ज्याला गावात मान होता, त्याच्या दृष्टीने गावी परतणे म्हणजे विसावा होय. ज्याला गावात मान नव्हता, त्याच्या दृष्टीने तेच परतणे पंचवीस-तीस वर्षांत मिळविलेले सारे गमावण्यासारखे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे एकोणिसाव्या शतकात वसलेली महार पेन्शनर सैनिकांची वस्ती हे याचे बोलके उदाहरण आहे. या सैनिकांनी दापोली का निवडली आणि त्या शहराने त्यांना कितपत स्वीकारले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जिल्हा आणि लष्करी नोकरी

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी बाहेर गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. डोंगराळ जमीन, अपुरे भातपीक आणि खोती पद्धत यांमुळे कुटुंबातील एक-दोन पुरुषांनी नोकरीसाठी बाहेर पडणे ही येथील जुनी रीत आहे. सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोटचा किल्ला १७५६ मध्ये इंग्रजांकडे आला. तेव्हापासून मुंबईच्या लष्करात दक्षिण कोकणातील माणसांची भरती वाढत गेली. मराठा, महार, कोकणी मुसलमान, बेने इस्रायली अशा अनेक समाजांतील तरुण पलटणीत दाखल झाले. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणचा जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठाणे प्रथम बाणकोट येथे होते व १८२२ मध्ये ते रत्नागिरीस आले.

महार समाजाच्या दृष्टीने लष्करी नोकरीला पगारापलीकडचे मोल होते. पलटणीत हुद्दा मिळे आणि गणवेश अंगावर येई. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षण मिळे. लष्करी छावण्यांत सैनिकांसाठी व त्यांच्या मुलामुलींसाठी शाळा चालत. गावात ज्या समाजाला अक्षरांपासून दूर ठेवले होते, त्याच समाजातील सैनिकांच्या घरी या शाळांमुळे लिहिता-वाचता येणारी पिढी तयार झाली. हा माणूस पेन्शन घेऊन परत निघाला, तेव्हा त्याच्यापुढे मोठा पेच उभा राहिला.

दापोलीच का?

दापोली हे मुळात लष्करी ठाणे. १८१८ पासून येथे दक्षिण कोकणातील फौजेचा तळ होता. समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंचीवरील हे पठार किनाऱ्यापेक्षा थंड असल्याने इंग्रज अधिकाऱ्यांना मानवले. नियमित पलटणी १८४० च्या सुमारास हलविण्यात आल्या. त्यानंतर १८५७ पर्यंत येथे वयस्क सैनिकांची पलटण ठेवलेली होती. फौज गेली तरी 'कॅम्प' हे नाव राहिले आणि निवृत्त सैनिकांची वस्तीही टिकली.

या निवडीमागील कारणे तीन पातळ्यांवर पाहता येतात. पहिले कारण नात्याचे. आजच्या मंडणगड, दापोली, खेड व महाड या तालुक्यांतील अनेक सैनिकांची मूळ गावे दापोलीच्या आसपास होती. मंडणगड त्या काळी दापोली तालुक्यातच मोडत असे. लग्नकार्य, सणवार, आजारपण या प्रसंगी भाऊबंद येऊ-जाऊ शकत होते. दुसरे कारण सोयीचे. तालुक्याच्या ठिकाणी कचेरी, टपाल, बाजार व शाळा होती आणि हर्णै बंदरातून मुंबईची वाट जवळ होती. तिसरे कारण सर्वांत निर्णायक आहे. मूळ गाव हे खोताचे गाव होते. तेथे राहावयाचे म्हणजे गावकुसाबाहेरील वाड्यात राहून गावकीची परंपरागत कामे पुन्हा अंगावर घ्यावयाची. सुभेदार वा हवालदार म्हणून सलामी घेतलेल्या माणसाला ते मान्य होणे कठीण होते. कॅम्पात मात्र त्याचे शेजारी त्याच्यासारखेच पेन्शनर होते व तेथे त्याला हुद्द्याने हाक मारली जाई.

अशा रीतीने आप्तांपासून जवळ, परंतु गावाच्या व्यवस्थेपासून दूर, अशी जागा या माणसांनी शोधली. दापोलीच्या निवडीचे मर्म या दोन अंतरांत आहे.

वस्तीतून उभा राहिलेला विचार

निवृत्त, साक्षर आणि दरमहा ठरावीक उत्पन्न असलेली माणसे एका ठिकाणी राहू लागली की तेथे विचारविनिमय सुरू होतो. दापोलीत हेच घडले. महाडजवळील रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले व दापोलीत राहू लागले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला आव्हान देणारी त्यांची पुस्तिका १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. १८९० च्या सुमारास त्यांनी दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था स्थापन केली. लष्करात महारांची भरती बंद करण्याचे धोरण १८९२-९३ च्या सुमारास अमलात आले. तेव्हा भरती पुन्हा सुरू करावी यासाठी अर्ज तयार करण्याच्या खटपटीत वलंगकर अग्रभागी होते. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नियुक्ती झाली. विश्रांतीसाठी निवडलेले ठिकाण या माणसाच्या हातून चळवळीचे ठिकाण बनले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शाळेचा व्हरांडा

वस्तीची खरी कसोटी मुलांच्या शाळेच्या प्रश्नावर लागली. धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून १८५६ मध्ये अर्ज केला होता. त्या प्रकरणानंतर, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, असे तत्त्व मुंबई सरकारने १८५८ मध्ये जाहीर केले. १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व उचलून धरले. परंतु १८८४ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यांनंतर प्राथमिक शाळांचा कारभार मोठ्या प्रमाणावर नगरपालिका व लोकल बोर्डांकडे आला. तत्त्व सरकारच्या कागदावर राहिले आणि दाराची कडी स्थानिक प्रतिष्ठितांच्या हाती गेली.

दापोलीतील महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे यासाठी १८९० च्या दशकाच्या आरंभी अर्जविनंत्या केल्या. स्थानिक विरोध तीव्र होता. अखेरीस जी तडजोड पुढे आली ती मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसविण्याची होती. छावणीतील शाळेत सरळपणे शिकलेल्या बापाच्या मुलाला निवृत्तीच्या गावी शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसावे लागावे, यातील विसंगती त्या पेन्शनरांना किती बोचली असेल, हे सांगावयास नको. नोकरीने दिलेली प्रतिष्ठा नोकरीबरोबरच संपते की काय, हा प्रश्न या व्हरांड्याने त्यांच्यापुढे ठेवला.

सकपाळ कुटुंबाचा प्रवास

याच सुमारास सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे महू येथील लष्करी नोकरीतून निवृत्त होऊन सहकुटुंब दापोलीस आले. त्यांचे मूळ गाव मंडणगडजवळील आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही लष्करात होते. रामजींनी लष्करी शाळेत अध्यापन केले होते. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव याचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला होता.

कायमचे राहण्याच्या उद्देशाने वडील दापोलीस आले होते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. पुढे वडिलांनी विचार बदलला व कुटुंब साताऱ्यास गेले, एवढेच ते सांगतात. कारणाचा खुलासा करीत नाहीत. त्यामुळे शाळेचा प्रश्न हेच एकमेव कारण होते, असे विधान करणे अभ्यासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. तथापि रामजींचे पुढील निर्णय पाहिले असता मुलांचे शिक्षण त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी होते, हे स्पष्टपणे दिसते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये भीमरावांचे नाव दाखल झाले. तेथेही वेगळे बसणे चुकले नाही. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले, परळच्या चाळीत राहू लागले आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला. रामजींचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईतच झाले.

ज्या वयात माणूस मोठ्या शहरातून लहान गावाकडे वळतो, त्या वयात हा पेन्शनर लहान शहरातून मोठ्या शहराकडे सरकत गेला. आपल्या विसाव्यापेक्षा मुलाचा वर्गातील प्रवेश त्याने अधिक मोलाचा मानला. मूळ गाव मात्र आडनावाच्या रूपाने शाळेच्या दप्तरात राहिले. 'आंबडवेकर'चे 'आंबेडकर' झाले.

उत्तरकाळ

पेन्शनर सैनिकांची ही परंपरा पुढेही टिकली. २० मार्च १९२७ च्या महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहात कोकणातील निवृत्त सैनिकांचा सहभाग होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला व १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. ज्या दोन व्यवस्थांमुळे पेन्शनरांना मूळ गाव नकोसे वाटत होते, त्या कायद्याने तरी संपुष्टात आल्या.

जिल्ह्यातून बाहेर जाणे मात्र थांबले नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. म्हणजे ती प्रत्यक्षात घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ११२२ होते. गावात मागे कोण राहते, हे या आकड्यांवरून कळते. आज नोकरी संपवून परतणारा चाकरमानीही बहुधा वाडीपेक्षा रत्नागिरी, चिपळूण, दापोली अशा शहरात घर पाहतो. भावकी वाडीत, मुले मुंबई-पुण्यात आणि आपण मधल्या शहरात, ही मांडणी नवी नाही. दापोली कॅम्पातील पेन्शनरांनी ती शतकापूर्वी, अधिक कठीण परिस्थितीत केली होती.

निष्कर्ष

१. निवृत्त महार सैनिकांनी दापोलीची निवड केवळ हवा वा सोय पाहून केली नाही. आप्तांची जवळीक आणि गावकीपासूनचे अंतर या दोहोंचा मेळ त्यांना तेथे दिसला.

२. साक्षर पेन्शनरांच्या एकत्र वस्तीतून दापोलीत अस्पृश्यताविरोधी संघटित विचाराचा आरंभ झाला.

३. शहराने त्यांना राहण्यास जागा दिली, परंतु मुलांना वर्गात जागा दिली नाही. त्यामुळे त्या शहराचा आसरा अपुरा ठरला.

स्थायिक होण्यासाठी योग्य गाव कोणते, याचे उत्तर हवामानाच्या नोंदीत पूर्णपणे मिळत नाही. आपण आणि आपली मुले जेथे उंबरठा ओलांडून आत जाऊ शकतो, ते आपले गाव होय. हा निकष दापोलीच्या पेन्शनरांनी घालून दिला. आजच्या शहरांनीही स्वतःला तो लावून पाहावा, असे वाटते.