गोळीचं कूळ, गोळीचं मूळ

‘रेस्व्हेराट्रॉल’ असं लिहिलेल्या बाटल्या हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. वर काळ्या द्राक्षांचा घड आणि खाली तारुण्य टिकवण्याचं आश्वासन. आतली पूड मात्र बहुतेक वेळा द्राक्षातून आलेली नसते. ती काढतात इतादोरी नावाच्या पूर्व आशियाई वनस्पतीच्या मुळांतून. ही पूड दीर्घायुष्याची गोळी कशी झाली, याचा माग काढण्यासारखा आहे.

सुरुवात जपानमधली. 1939 साली मिचिओ ताकाओका यांनी व्हेराट्रम या विषारी वनस्पतीतून रेस्व्हेराट्रॉल हे पॉलिफेनॉल वर्गातलं रसायन वेगळं केलं. 1963 मध्ये ते इतादोरीच्या मुळांत सापडलं. जपान-चीनच्या पारंपरिक औषधांत ही मुळं फार पूर्वीपासून वापरात होती. पण तेव्हा म्हातारपण लांबवण्याशी त्याचा कोणी संबंध जोडला नव्हता.

द्राक्षाशी गाठ पडली 1976 मध्ये. लँगकेक आणि प्राइस हे दोन शास्त्रज्ञ द्राक्षवेलीच्या पानांवर बुरशीचा प्रादुर्भाव घडवून पाहत होते. अशी पानं अतिनील प्रकाशाखाली धरली की बुरशीच्या डागाभोवती निळसर चमक दिसे. ती चमक रेस्व्हेराट्रॉलची होती. निरोगी पानात ते जवळपास नसतं. बुरशी शिरली किंवा इजा झाली की वेल ते तयार करते. नाशिक-सांगलीचे बागायतदार ज्या डाऊनी या बुरशीच्या धास्तीने फवारणीची घाई करतात, तिच्याशीही वेल याच अस्त्राने झुंजते. म्हणजे मुळात हे वेलीचं स्वतःच्या बचावाचं हत्यार.

17 नोव्हेंबर 1991 रोजी ‘सिक्स्टी मिनिट्स’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने एक कोडं घरोघरी पोचवलं: फ्रेंच लोक इतकं लोणी-चीज खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी कसा? फ्रेंच शास्त्रज्ञ सर्ज रेनो यांनी वाइनकडे बोट दाखवलं आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप वाढला. पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या सीमन आणि क्रीझी यांनी वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल असल्याचं दाखवलं. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून ते तिच्यात उतरतं. कोड्याला जणू तयार उत्तर मिळालं.

2003 मध्ये कोनराड हॉविट्झ आणि हार्वर्डचे डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने यीस्टचं आयुष्य रेस्व्हेराट्रॉलने सुमारे 70 टक्के वाढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याने ‘सर्टुइन’ नावाची पेशीतली प्रथिनं जागी होतात, हे त्यांचं स्पष्टीकरण. 2006 मध्ये उंदरांचा प्रयोग गाजला. भरपूर चरबीच्या आहारावरचे उंदीर रेस्व्हेराट्रॉल देऊनही लठ्ठच राहिले, पण त्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करू लागलं आणि ते जास्त जगले. 2008 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सिंक्लेअर यांची सर्ट्रिस कंपनी 72 कोटी डॉलरला घेतली.

त्या उंदरांचा डोस किलोमागे रोज सुमारे 22 मिलिग्रॅम होता. साठ किलोच्या माणसाला सरळ हिशेबाने सव्वा ग्रॅमहून जास्त. रेड वाइनच्या लिटरमध्ये असतात जेमतेम काही मिलिग्रॅम. हा डोस वाइनमधून घ्यायचा तर रोज शेकडो लिटर प्यावी लागेल. शिवाय पोटात गेलेलं रेस्व्हेराट्रॉल आतडं आणि यकृत झपाट्याने बदलून टाकतात. मूळ रूपात रक्तात फारच थोडं पोचतं.

मग एकेक धागा सुटत गेला. साध्या आहारावरचे उंदीर जास्त जगले नाहीत. सर्टुइन जागं होतं हे मोजण्याच्या पद्धतीवरच ॲमजेन आणि फायझर या औषध कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. तो वाद पुरता मिटलेला नाही. 2010 मध्ये ग्लॅक्सोने रेस्व्हेराट्रॉलची रक्ताच्या कर्करोगावरची चाचणी थांबवली, कारण काही रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. माणसांवरचे छोटे प्रयोगही जुळेनात: नेदरलँड्समध्ये 11 लठ्ठ पुरुषांना थोडा फायदा दिसला, तर अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना काहीच नाही. 2014 मध्ये इटलीच्या कियांती या वाइनच्या प्रदेशातल्या 783 ज्येष्ठांच्या लघवीतील रेस्व्हेराट्रॉलच्या अंशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात ते जास्त, ते अधिक जगले असं नाही. त्यांना हृदयविकार किंवा कर्करोग कमी झाला, असंही नाही.

संशोधन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पेशी म्हातारी कशी होते, याबद्दलचे चांगले प्रश्न त्यातूनच पुढे आले. पण यीस्टमधला निष्कर्ष उंदरावर आणि उंदरातला माणसावर परस्पर चिकटवण्याची घाई झाली, आणि त्या घाईची किंमत आज गिऱ्हाईक मोजतं.

म्हणून आपल्यापुरतं एवढं पाळावं. द्राक्षं धुऊन सालीसकट खावीत, सोबत इतर फळं, भाज्या, डाळी असाव्यात. हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करू नये. आरोग्याला निर्धोक असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आणि मधुमेहाचं किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, तर अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.