हृदयातलं जाळं आणि युद्धातला काटा

आज विषय हृदयाचा आहे, पण माझ्यासारख्या जुन्या सैनिकाला त्यात युद्ध सापडलंच.

हृदय म्हणजे स्नायू, हे आपण शाळेत शिकलो. त्या स्नायूपेशींना जागेवर धरणारं एक जाळं असतं, मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचं. कोलॅजेनची तीन पेडांची रचना १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेच्या आधारे!

हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी याच जाळ्याचा व्रण तयार होतो. तो कच्चा राहिला तर हृदयाची भिंत फाटू शकते. जाळं वाजवीपेक्षा वाढलं तर हृदय ताठर होतं आणि नीट भरत नाही. तेव्हा जाळ्यात काय, किती आणि केव्हा बदलतं हे कळणं रोग्यासाठी मोलाचं. पूर्वी मात्र एकेक प्रथिन आधी ठरवून शोधावं लागे. सगळी एकदम ओळखणारं साधन दुसरीकडेच वाढत होतं.

ते साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. कणांना विद्युतभार द्यायचा आणि चुंबकाजवळून पळवायचं. हलका कण जास्त वळतो, जड कमी. केंब्रिजच्या ॲस्टन यांनी १९१९ मध्ये असं यंत्र बांधलं. १९४० मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड नियर यांनी त्यावर युरेनियम-२३५ वेगळं केलं, अगदी कणभर. मग ओक रिजला त्याच तत्त्वाची प्रचंड यंत्रं उभी राहिली. तांबं युद्धात गुंतलेलं, म्हणून चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून १३,००० टनांहून जास्त चांदी उसनी आणली! असा पुरवठा अधिकारी मला भेटायला हवा होता.

प्रथिनं मात्र या यंत्राला दाद देईनात. रेणू एवढा मोठा की उडवायला गेलं की मोडायचा. १९८० च्या दशकात जपानचे कोइची तानाका यांनी लेझरने आणि अमेरिकेचे जॉन फेन यांनी विद्युत फवाऱ्याने तो अखंड उडवला. दोघांनाही २००२ चं नोबेल मिळालं. तानाका कंपनीतले इंजिनिअर, डॉक्टरेट नसलेले. मला त्यांचं फार कौतुक.

तरी हृदयाचं जाळं लपलेलंच राहिलं. कारण साधं: पेशींच्या आतली प्रथिनं इतकी भरमसाट की त्या गर्दीत जाळ्याची दिसतच नाहीत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मॅन्युएल मायर यांच्या गटाने यावर उपाय वापरला तो धुण्याचा. आधी मिठाचं पाणी. त्यात सैल चिकटलेली जाळ्याची प्रथिनं सुटतात. मग साबणासारख्या द्रव्याचं अगदी पातळ द्रावण. पेशी निघून जातात. उरलेलं चिवट जाळं ग्वानिडीनमध्ये विरघळवायचं, त्यावरची साखर विकरांनी उतरवायची, ट्रिप्सिनने तुकडे करायचे आणि मग यंत्रात घालायचे. माझ्या मते खरी बाजी इथे मारली, कोट्यवधींच्या यंत्रात नव्हे.

२०१२ मध्ये त्यांनी डुकरांच्या हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ थांबवून पुन्हा सुरू केला आणि नंतरच्या दोन टप्प्यांवर जाळं तपासलं. १३९ प्रथिनं मिळाली. त्यातल्या १५ प्रथिनांची हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या संदर्भात त्याआधी नोंदच नव्हती.