लोणची, मुरंबा, जॅमसाठी परवडणाऱ्या बरण्या कशा मिळवाल?

घरगुती प्रक्रियेत कैरी, साखर, मसाला यांचा हिशेब सगळे काटेकोर करतात. बरणीचा मात्र शेवटी. प्रत्यक्षात अर्धा किलोपेक्षा लहान पॅकिंगमध्ये बरणी आणि झाकण हाच अनेकदा सर्वांत मोठा खर्च ठरतो. माल तयार झाल्यावर बरणी शोधायला निघालात, तर मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. कैरी आणि आंब्याच्या हंगामात मागणी एकदम वाढते, हव्या त्या मापाची बरणी संपलेली असते. म्हणून मे महिन्यात लागणाऱ्या बरण्यांची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी. काच खराब होत नाही. कोरडी जागा असली की झाले.

पहिला प्रश्न : पदार्थ गरम भरणार की थंड?

यावरच बरणीचा प्रकार ठरतो. जॅम, जेली, केचप आणि गरम भरायचा मुरंबा साधारण ८५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असताना भरतात. त्याला काचच हवी. बाजारात स्वस्त मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिक बरणी बहुधा पेट प्रकारची असते. तळाशी त्रिकोणात १ हा आकडा दिसतो. साधी पेट बरणी ७० अंशांच्या आसपास मऊ पडते, आकसते, झाकण नीट बसत नाही. थंड भरल्या जाणाऱ्या तेलातील लोणच्यासाठी मात्र नवी, खाद्यपदार्थांसाठीची पेट बरणी चालते. ती हलकी, न फुटणारी आणि पाठवायला सोपी असते. तळाशी ५ आकडा असलेली पॉलिप्रॉपिलिनची बरणी उष्णता जास्त सोसते, पण ती काचेसारखी पारदर्शक नसते.

मिली आणि ग्रॅमची गल्लत

दुकानदार बरणी मिलीलिटरमध्ये सांगतो, आपण माल ग्रॅममध्ये विकतो. जॅममध्ये विद्राव्य घटक (टीएसएस) ६५ टक्क्यांपेक्षा कमी नसावेत. एवढ्या साखरेचा जॅम पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जड असतो. म्हणजे ५०० ग्रॅम जॅमला ५०० मिलीची बरणी लागत नाही. वरची मोकळी जागा धरून साधारण ४०० मिली पुरते. मोठी घेतली तर पैसेही जास्त जातात आणि बरणी अर्धवट भरल्यासारखी दिसून ग्राहक नाराज होतो. लोणच्यात फोडींचा आकार आणि तेल यांनुसार वजन बदलते. त्यामुळे एक बरणी नमुना म्हणून आणा, आपलाच माल भरून तोला, मगच मागणी नोंदवा.

कुठे घ्यावी?

तालुक्याच्या ठिकाणी प्लॅस्टिक आणि पॅकिंगचे दुकान असते. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी, मुंबईत मस्जिद बंदर परिसर येथे घाऊक भाव मिळतो. काचेच्या वस्तूंचे देशातील मोठे केंद्र उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद आहे. पण लहान गटाने थेट तिथून मागवणे क्वचितच परवडते, कारण भाडे आणि फूट.

घाऊक भाव म्हणजे स्वस्त, असे नाही. एक काल्पनिक हिशेब पाहा. गावाजवळ झाकणासह बरणी १८ रुपयांना मिळते, शहरात १३ रुपयांना. २०० बरण्या आणल्या तर किंमत २,६०० रुपये, भाडे-हमाली १,००० रुपये, वाटेत १२ फुटल्या. उरलेली प्रत्येक बरणी १९ रुपयांच्या वर गेली. म्हणजे गावचीच स्वस्त. त्याच हिशेबात ५०० आणल्या, भाडे १,२०० रुपये आणि ३० फुटल्या, तर प्रत्येकी सुमारे १६ रुपये ४० पैसे पडतात. म्हणून दोन-तीन बचत गटांनी एकाच मापाची बरणी ठरवून एकत्र मागणी द्यावी. ‘एकाच मापाची’ हे महत्त्वाचे. तोंडाचे माप ५३ मिमी, ६३ मिमी असे निरनिराळे असते. माप एक ठेवले की झाकणेही एकत्र, स्वस्त घेता येतात. दर विचारताना झाकण, जीएसटी आणि फुटलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, हे आधी विचारा.

वापरलेल्या बरण्या

घरच्या वापरासाठी मध, कॉफी, जॅमच्या रिकाम्या काचेच्या बरण्या उत्तम. काच पुन्हा वापरता येते, फिरकीचे पत्र्याचे झाकण मात्र नवे घ्या. त्याच्या आतील मऊ अस्तरावर एकदा खाच पडली की हवाबंद बसण्याची खात्री राहत नाही. शिवाय जुन्या लोणच्याचा वास त्या अस्तरातून जात नाही. कडेला बोट फिरवून कपचा निघालेली बरणी बाजूला काढा.

विक्रीसाठी मात्र भंगारातून आणलेल्या बरण्या नकोत. आधी त्यात काय होते, हे सांगता येत नाही. रॉकेल, ॲसिड, फिनेल काहीही असू शकते. दुसऱ्या कंपनीचे नाव कोरलेली बरणीही विक्रीला वापरू नये. नेहमीच्या ग्राहकांकडून आपल्याच बरण्या परत घ्यायच्या असतील, तर दहा रुपये अनामत ठेवण्याची पद्धत गावात आणि आठवडी बाजारात चांगली चालू शकते.

आणि कीटकनाशकाचे, तणनाशकाचे डबे किंवा ड्रम कितीही धुतले तरी खाण्याच्या पदार्थाला लावू नका. लोणचे मुरवायला स्वस्त ड्रम म्हणून असे प्रकार होतात. त्यासाठी खाद्यपदार्थांसाठीचा नवा ड्रम किंवा चांगल्या झिलईची चिनी मातीची बरणी घ्या. माल मोठ्या भांड्यात मुरवून मागणीप्रमाणे लहान बरण्यांत भरला, तर बरण्यांत एकदम पैसाही अडकत नाही.

निर्जंतुकीकरण

बरण्या साबणाने धुऊन मोठ्या पातेल्यात, तळाशी फडके घालून, पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात उकळी आल्यापासून १० मिनिटे ठेवा. महाबळेश्वर, पाचगणीसारख्या उंचीवर पाणी सुमारे ९५-९६ अंशांनाच उकळते. स्ट्रॉबेरीचा जॅम करणाऱ्यांनी तिथे १५ मिनिटे धरावीत. गार बरणीत उकळता जॅम ओतू नका. काच आणि माल यांच्या तापमानात ४० अंशांपेक्षा जास्त फरक पडला की तडा जाण्याचा धोका असतो. ‘काच हलकी निघाली’ अशी तक्रार येते, तेव्हा अनेकदा कारण हेच असते. भरलेली बरणी थंड फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा.

लोणच्याला मीठ आणि आंबटपणामुळे साधे पत्र्याचे झाकण गंजते. आतून लॅकरचा लेप असलेले किंवा प्लॅस्टिकचे झाकण घ्या.

हे सारे फळांचे गोड पदार्थ आणि आंबट-खारट लोणची यांच्यापुरते आहे. मटार, मक्याचे दाणे, अळिंबी असे कमी आंबट पदार्थ नुसत्या उकळत्या पाण्यात बरणीबंद करू नका. सामू ४.६ पेक्षा जास्त असेल तर बंद बरणीत बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते आणि ते वासावरून कळेलच असे नाही. त्यासाठी दाबाखाली प्रक्रिया करणारे यंत्र लागते.

विक्री करणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी घ्या. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, वापराची मुदत आणि कमाल किंमत छापा. बरणी निवडताना लेबल सपाट बसेल अशी सरळ बाजू आहे ना, तेही पाहा. फुगीर मडक्याच्या आकाराची बरणी देखणी दिसते, पण तिच्यावर लेबलला सुरकुत्या पडतात आणि खोक्यात मावतातही कमी.