काल सापडलेली छत्री आज परत का शोधायची?

घोटी स्टेशनवर गाडी लेट आहे. बाकड्यावरचं पोरगं मोबाईलवर, पसाऱ्याने भरलेल्या खोलीत छत्री शोधतंय. कालही तीच खोली होती. मग आज परत का?

मागे जाऊया, २००५ मध्ये. सिएटलच्या बिग फिश गेम्सने 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल' हा कॉम्प्युटर गेम आणला. तासभर फुकट खेळा, आवडला तर विकत घ्या. यात गंमत अशी, की नव्याने सुरू केला की खोली तीच, पण यादी वेगळी! मागच्या वेळी ज्या कात्रीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तीच आता हवी. परत खेळायचं ते निव्वळ हौसेने.

२०१२ मध्ये पॅरिसच्या प्रिटी सिंपलचा 'क्रिमिनल केस' फेसबुकवर आला आणि हिशोबच फिरला. गेम फुकट, पण तपास पुढे न्यायला स्टार हवेत, आणि स्टारसाठी तोच सीन पुन्हा पुन्हा. दर सीनला २० एनर्जी जाणार, टाकी ११० ची. पाच सीन झाले की वाट बघा, मित्रांकडे मागा (त्या रिक्वेस्ट आठवतात ना?), नाहीतर पैसे मोजा. फेसबुकने २०१३ चा सर्वोत्तम गेम म्हणून यालाच निवडलं.

माझ्या मते इथे हौसेची ड्युटी झाली. तरी एक कबूल करतो. दहाव्या फेरीत नाव वाचता वाचता बोट आपोआप वस्तूवर जातं, कॉम्बोचे पॉइंट पडतात, तेव्हा भारीच वाटतं. तुमचा कुठला सीन असा पाठ झालाय?