दहा हजार वर्षांची पडताळणी

घडून गेलेल्या गोष्टींची साक्षीपुराव्यानिशी केलेली मांडणी म्हणजे इतिहास, असे आपण मानतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काही शास्त्रज्ञांवर याच्या नेमके उलट काम येऊन पडले. अणुभट्टीतून निघालेले वापरलेले इंधन जमिनीत खोल पुरले, तर पुढील दहा हजार वर्षे त्याचा किरणोत्सार घातक प्रमाणात माणसापर्यंत पोचणार नाही, याचा पुरावा त्यांना आजच द्यायचा होता. त्या इंधनातील प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्यच मुळी सुमारे 24,100 वर्षांचे! इतका काळ थांबून प्रयोग करणे कुणाला शक्य आहे? म्हणून भूजल, खडक, उष्णता आणि धातूचा गंज यांची गणिते मांडणारी संगणकीय प्रतिमाने हाच एक साक्षीदार उरला.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी? अमेरिकेत 1982 साली अणुकचऱ्यासंबंधीचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी तेथील अणुनियामक आयोगाने अशा आज्ञावलींच्या दस्तऐवजीकरणाविषयी आपली भूमिका प्रसिद्ध केली. आज्ञावलीमागील गणित, ती वापरण्याची रीत, तिच्या चाचण्या, पुढे होत गेलेले बदल, हे सारे लिहून ठेवावे, अशी तीत अपेक्षा होती. तेथे दोन शब्दांमधला भेदही स्पष्ट केला होता. ठरवून दिलेले गणित संगणक अचूक करतो की नाही हे पाहणे ही 'पडताळणी'. ते गणित प्रत्यक्ष निसर्गाला धरून आहे की नाही हे पाहणे हे 'प्रमाणीकरण'. वरवर हा भेद शब्दच्छल वाटेल. पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ मात्र, आमच्या मते, त्यातच आहे.

पहिले काम कष्टाचे असले तरी आटोक्यातले होते. स्वीडनच्या पुढाकाराने 1984 मध्ये सुरू झालेल्या 'हायड्रोकॉइन' प्रकल्पात निरनिराळ्या देशांच्या गटांनी भूजलाची तीच ती उदाहरणे आपापल्या आज्ञावलींनी सोडवून उत्तरे ताडून पाहिली. दुसरे काम तसे नव्हते. 1994 साली नेओमी ओरेस्केस, क्रिस्टिन श्रेडर-फ्रेशेट आणि केनेथ बेलित्झ यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मूलगामी आक्षेप घेतला: निसर्ग ही बंदिस्त व्यवस्था नाही, त्यामुळे त्याचे प्रतिमान सत्य म्हणून सिद्ध होऊच शकत नाही, निरीक्षणांशी त्याचा मेळ बसला तर फार तर अंशतः दुजोरा मिळतो.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता, हे नेवाडातील युक्का माउंटनने दाखवून दिले. 1987 साली अमेरिकी काँग्रेसने इतर जागा वगळून या एकाच डोंगराच्या अभ्यासाचा निर्णय घेतला होता. प्रदेश कोरडा, म्हणून डोंगरात पाणी फारच थोडे आणि अतिशय सावकाश झिरपत असेल, असे गृहीत धरले गेले. 1996 च्या सुमारास आतल्या बोगद्यातील काही नमुन्यांत क्लोरीन-36 वाढलेल्या प्रमाणात सापडले. त्याचा उगम विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुचाचण्यांत असावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे पावसाचे काही पाणी खडकाच्या भेगांतून सुमारे पन्नास वर्षांतच तीनशे मीटर खाली पोचले होते! पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांनी हीच तपासणी केली तेव्हा निष्कर्ष जुळले नाहीत. झिरप्याचा प्रश्न मात्र ऐरणीवर आला तो आलाच.

आणि नेमक्या याच झिरप्याच्या प्रतिमानाने पुढचा धक्का दिला. मार्च 2005 मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने जाहीर केले, की भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या 1998 ते 2000 या काळातील पत्रव्यवहारावरून या कामाच्या गुणवत्ता-नोंदी बनावट असल्याचा संशय येतो. चौकशी झाली, खटला भरला गेला नाही. आकडे ढोबळमानाने योग्यच असल्याचे खात्याने सांगितले, आणि तरीही ते काम सँडिया प्रयोगशाळेकडून नव्याने करून घेतले.

आकडे योग्य होते, तर काम पुन्हा का करावे लागले? आम्हाला वाटते, या इतिहासाचा खरा धडा येथे आहे. दहा हजार वर्षांनंतरच्या डोंगराविषयी कुणालाही शपथ घेता येत नाही. मी आज काय केले, कोणत्या दिवशी केले आणि काय गृहीत धरले, याविषयी मात्र घेता येते. सत्याची हमी अशक्य असते तेथे प्रामाणिक नोंद हीच काय ती हमी. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांच्या आत इतके अपपाठ शिरले, की 1584 मध्ये एकनाथांना तिचा पाठ शुद्ध करावा लागला. तो करता आला, कारण हाताशी पोथ्या होत्या. चूक दुरुस्त करणाऱ्या पुढच्या माणसासाठी काही शिल्लक ठेवणे, हेच दस्तऐवजीकरणाचे प्रयोजन.

2008 मध्ये या डोंगरासाठी लागू असलेल्या किरणोत्सार-मानकाची मुदत दहा लाख वर्षांपर्यंत वाढली, आणि त्याच वर्षी परवान्यासाठी अर्जही दाखल झाला. 2010 मध्ये सरकारने माघार घेतली. डोंगरात कचरा गेला नाही. मागे उरल्या आहेत त्या नोंदी: बहुतेक प्रामाणिक, काही संशयित. उद्या कुणी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, तर त्याला डोंगराच्याही आधी या कागदांवर विश्वास ठेवता आला पाहिजे.